बुजवायची राहिलेली वाट

शाळेच्या बक्षीस समारंभाला कुणी पाहुणी म्हणून बोलावलं की मी गुडघे दुखतात असं सांगते. गुडघे दुखतात हे खरं आहे, पण न जाण्याचं कारण ते नाही. सगळी नोकरी मी प्राथमिक शाळेत काढली आणि ‘निकोप स्पर्धा’ हा शब्द इतक्या भाषणांत ऐकला, की आता तो उच्चारणाऱ्याच्या हातातला माईक काढून घ्यावासा वाटतो. स्पर्धेचे फायदे मला कुणी शिकवू नयेत. तिच्याशिवाय मी शिकलेच नसते. पुढं मी कितीतरी वेळा पहिली आले. पण त्या सगळ्याच्या आधी एकदा मी जिला मागं टाकून पहिली आले ती माझी आई होती. त्या वर्षी ती आजारी होती, आणि ते मला कळायला हवं होतं. हारतुरे गळ्यात घालून हे कसं सांगायचं? म्हणून गुडघे.

आमचं गाव मुळशीतलं, पौडच्या अलीकडं, एसटीचा रस्ता सोडून आत पाऊण तास चालायचं. बहात्तरच्या दुष्काळात मी पाच-सहा वर्षांची होते. मी सांगतेय ते त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी घडलेलं. भाताचा मुलूख. आम्ही बौद्ध. आजोबांनी घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडून दिले होते, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. देव गेले, पण गावातली आमची जागा काही लगेच हलली नाही. विहिरीवर आमच्या वस्तीतल्या बाया कडेला थांबायच्या, कुणी वरून घागर ओतली की पाणी घ्यायच्या. गावजेवणात आमची पंगत शेवटची, आणि तीही जरा बाजूला. हे कुणी बोलून दाखवत नसे. सगळ्यांना ठाऊकच असायचं.

एकच जागा अशी होती जिथं आई सगळ्या गावाच्या पुढं असायची, ती म्हणजे आवणी.

आवणी म्हणजे भाताची रोपं चिखलात लावायचं काम. आषाढात खाचरात, म्हणजे बांध घातलेल्या भाताच्या शेतात, चिखल करून झाला की बाया एका रांगेत वाकून उभ्या राहतात. हात पोचेल एवढ्या रुंदीचा पट्टा प्रत्येकीच्या वाट्याला येतो, त्याला पात म्हणायचं. डाव्या हातात रोपांची मूठ धरायची, उजव्या हाताच्या तीन बोटांनी तीन-चार काड्या सोडवायच्या, चिखलात खोचायच्या आणि मागं मागं सरकायचं. या शर्यतीत पुढं जायचं म्हणजे मागंच जायचं असतं. लहानपणी मला याचं फार हसू यायचं.

जिचा हात सगळ्यांत जलद ती पुढारीण. ती रांगेच्या मधोमध उभी राहायची आणि तिच्या चालीनं बाकीच्या चालायच्या. बारा-तेरा वर्षं आमच्या गावची पुढारीण माझी आई होती. काळी, किडकिडीत, बोलायला फटकळ. वाकली की तासभर पाठ वर करायची नाही. तिची बोटं दिसायची नाहीत, नुसतं चप चप ऐकू यायचं आणि तिच्यासमोर हिरव्या ओळी उभ्या राहत जायच्या. दोरी धरून लावल्यासारख्या सरळ.

ज्याच्या घरी खाचरं जास्त, तो एक दिवस इर्जिक घालायचा. इर्जिक म्हणजे सगळ्या गावानं एक दिवस त्याच्या शेतात राबायचं, मजुरी नाही, संध्याकाळी गोडाचं जेवण. पहिली मूठ लावायच्या आधी त्या घरची थोरली सून पुढारणीला चोळीचा खण द्यायची. आईच्या हातात तो खण ती ठेवायची नाही, जरा वरून सोडायची, हाताला हात लागू नये म्हणून. आणि आई काय करायची, तर हात वर नेऊन तो अधरच झेलायची. जसं काही वरून टाकायचा हा खेळ आईनंच काढला होता. मग खण कमरेला खोचून, पदर बांधून ती खाचरात उतरायची आणि तिच्यामागून सगळं गाव. त्या दिवशी संध्याकाळी ती शेवटच्या पंगतीत जेवायची. पातीत पहिली, पंगतीत शेवटची. पण आई म्हणायची, “पंगतीत त्येंनी बसिवलंय. पातीत म्या बसलेय.”

आता कोंडीचं सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच आहे. एखादी बाई मागं पडली, की दोन्ही बाजूंच्या बाया आपापल्या पाती लावत तिच्या पलीकडं निघून जातात. तिच्या डाव्या-उजव्या हाताला रोपं उभी राहतात, समोर तिची स्वतःची असतातच. मग पुढं गेलेली एखादी खट्याळ बाई हात लांब करून तिच्या पाठीमागची मोकळी जागाही आडवी लावून टाकते. झाली कोंडी. चारी बाजूंनी रोपं आणि मध्ये टोपलीएवढ्या चिखलात ती बाई. लावलेल्या रोपावर पाय द्यायचा नसतो, ते पाप. तेव्हा तिनं मोठ्यानं म्हणायचं, “वाट द्या.” मग जिनं कोंडलं तिनंच चार-सहा रोपं उपटून वाट करायची, कोंडलेली बाहेर येणार, सगळ्या हसणार, तिच्या पाठीत एखादा चिखलाचा गोळा बसणार. आणि जिनं वाट दिली तिनंच ती पुन्हा लावून बुजवायची. हा नेम होता. दुसरीनं बुजवून चालत नसे.

आईनं कैकजणींना कोंडलं होतं. आईनं वाट कधी मागितली नव्हती.

तिची ही पुढं राहायची ओढ घरातही होती. मी पलीकडच्या गावच्या हायस्कुलात जायचे. आठवीला वार्षिक परीक्षेत माझा दुसरा नंबर आला. आमच्या वस्तीतली पोरगी वर्गात दुसरी, हे काही लहान नव्हतं. मास्तरांनी पाठ थोपटली होती. मी धावत घरी आले. आई चुलीशी भाकरी थापत होती.

“दुसरी?” ती म्हणाली. “मंजी पहिली न्हाईच.”

भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि मग म्हणाली, “मदल्याला कोन बी ढकलतंय बाय. फुडल्याला ढकलायचं तर आदी त्येच्या फुडं जावं लागतंय. तू मदी ऱ्हाऊ नगंस.”

आज मला ते वाक्य समजतं. तिनं आयुष्यभर जे पाहिलं त्याचं ते सार होतं, आणि मुलीला द्यायला तिच्याजवळ तेवढंच होतं. तेव्हा मात्र माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी जेवले नाही. मनात म्हटलं, पहिली पाहिजे ना तुला? मग तुलाच मागं टाकते, बघ.

आणि मी खरंच तयारीला लागले. आवणीला मी दहा वर्षांची असल्यापासून जात होते, हात बसलेला होता. आईनंच शिकवलं होतं, “हाताकडं बघू नगं, फुडल्या जागंकडं बघ. हाताला ठावं हाय.” त्या वर्षी रविवार आला की मी आमच्या वस्तीतल्या बायांबरोबर जायचे आणि प्रत्येक रविवारी एकेकीला मागं टाकायचे. आईला ते दिसत होतं. तिला आनंद होत होता की राग येत होता, मला कळलं नाही.

तिला काय होत होतं तेही मला दिसत होतं. दिसत होतं, पण मी पाहत नव्हते. तिनं पायातली जोडवी काढली होती. मी विचारलं तर म्हणाली, “चिकलात गेली.” दोन्ही पायांतली एकदम? मला हसू आलं. खरं तर तिची पावलं सुजून जोडवी बोटांत रुतायला लागली होती आणि तिनं साबण लावून ती काढली होती. ती आडवी झोपत नव्हती, भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्या डोळे मिटायची. म्हणायची, “उकाडतंय.” आषाढात, आमच्या मुळशीत, दारातून पावसाची झड आत येत असताना तिला उकडत होतं, आणि मी ते ऐकून कूस बदलत होते. पाण्याचा हंडा घेऊन चढ चढताना ती दोनदा थांबायची, आणि मी थांबले की ओरडायची, “तू जा म्होरं.” मी पुढं जात होते.

त्या वर्षीची इर्जिक रविवारी आली. मी खूश. सकाळपासून पाऊस एका लयीत पडत होता. पाठीवर पानांची इरली घेऊन पंचवीस-तीस बाया बांधावर उभ्या होत्या. थोरली सून खण घेऊन आली आणि नेहमीसारखा वरून सोडला. आईनं हात उचलला, पण उशिरा. खण चिखलात पडला. एक-दोघी हसल्या. आईनं वाकून तो उचलला, चिखल झटकला आणि कमरेला खोचला. वाकून वर यायला तिला वेळ लागला.

दुपारनंतरचं खाचर लांबलचक होतं. मी आईच्या डाव्या हाताची पात मागून घेतली. ती माझ्याकडं बघून म्हणाली, “माज्या शेजारी? टिकशील का?”

“बघ की,” मी म्हणाले.

तिच्या उजव्या हाताला आमच्या शेजारची काकू होती. काकू म्हणजे आईची जिवाभावाची सोबतीण. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन वस्तीत आल्या होत्या, दोघींचं माहेरही जवळजवळचं, आईचं नांदे आणि काकूचं जांबे.

आम्ही सुरू केलं. पहिल्या निम्म्या खाचरात आई पुढं होती. मग आम्ही बरोबरीला आलो. मला तिचा श्वास ऐकू येत होता, फुटक्या भात्यासारखा. मला वाटलं, घाबरली. खोटं कशाला सांगू, मला वाटलं, माझ्यामुळं आई घाबरली, आणि मला इतकं बरं वाटलं की हातांना पंख फुटले. मी तिला मागं टाकलं. हातभर, मग दोन हात, मग चार. काकूही तिच्यापेक्षा थोडी पुढं आली होती. काकूचा हात एरवी आईच्या खालोखाल चालायचा, आज ती पुन्हा पुन्हा थांबत होती. मला वाटलं, दमली.

मग मी मूठ डाव्या हातात घट्ट धरली आणि आईच्या पाठीमागच्या मोकळ्या चिखलात आडवी वळले. काकूनं पाहिलं. तिनं मान हलवली. न्हाई, असं. दोनदा हलवली. मी ते पाहिलं. पाहूनही मी एक ओळ लावली, मग दुसरी, मग तिसरी, काकूच्या पातीला भिडेपर्यंत.

कुणीतरी ओरडलं, “कोंडली! पुढारीन कोंडली!”

सगळ्या बाया पाठी वर करून बघायला लागल्या. बांधावरचे गडीही थांबले. आईनं हातातली शेवटची रोपं लावली आणि हळूहळू सरळ उभी राहिली. गुडघ्यांवर हात टेकत टेकत. तिचं तोंड पावसानं भिजलं होतं, ओठ काळेनिळे दिसत होते. तिनं आपल्या चारी बाजूंना पाहिलं, जसं कुणी नव्या घरात गेल्यावर भिंती बघतं. मग माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता शिवी हासडणार.

“वाट द्या, पुढारीनबाई,” ती म्हणाली.

मला. ‘पुढारीनबाई’ म्हणाली. सगळं खाचर हसलं आणि मीही हसले. मी सहा-सात रोपं उपटून वाट केली. आई तिच्यातून बाहेर आली, कडेच्या एकाही पात्याला तिच्या लुगड्याचा काठ लागला नाही. माझ्याजवळ आल्यावर तिनं कमरेचा खण काढला आणि माझ्या हातात दिला. टाकला नाही, हातात दिला. “पुढारनीचा आस्तोय,” म्हणाली आणि जाऊन बांधावर बसली. आवणी चालू असताना बांधावर बसलेली आई मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

मी खण कमरेला खोचला. जोराची सर आली, गडी नव्या मुठी फेकायला लागले, बाया माझी थट्टा करत होत्या, “आता सासूला बी अशीच कोंडशील व्हय गं,” आणि मी रांगेच्या मधोमध जाऊन उभी राहिले. त्या सगळ्यात एक गोष्ट राहिली. मी वाट बुजवली नाही.

संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा आमच्या वस्तीतली सगळ्यांत म्हातारी बाई माझ्या शेजारी होती. तिनं विचारलं, “वाट बुजीवली का गं?”

मला तेव्हा आठवलं. पण खाचर लांब होतं आणि ताटात गरम लापशी होती. मी म्हणाले, “व्हय, बुजीवली की.”

“बरं क्येलं,” म्हातारी म्हणाली. “उगडी ठिवू नये. घरचं मानूस जातंय तितनं.”

आई माझ्या पलीकडं बसली होती. तिनं आपली लापशी माझ्या ताटात वाढली.

दुसऱ्या दिवशी ती कामाला गेली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, हरल्याचा राग. मी शाळा बुडवून तीन दिवस तिच्या जागी उभी राहिले आणि कुणी ‘पुढारीन’ म्हणून हाक मारली की मान ताठ करून ओ दिली. चौथ्या दिवशी विहिरीवर काकूनं मला दंडाला धरून बाजूला नेलं.

“तुला डोळं न्हाईत का गं?” ती म्हणाली. तिचे स्वतःचे डोळे भरले होते. “गेल्या सालापास्नं तिला दम लागतुया. धा पावलं चालली की बसतीया. मला शपत घातलीती, कुनाला सांगू नगंस मनून. लोकांनला कळलं तर पात जाईल मनायची. आन् तू तिला कोंडलीस. सगळ्या गावाम्होरं.”

“मला कुठं माहीत होतं?” मी म्हणाले.

“म्या मान हालिवली न्हवती?” काकू म्हणाली.

 

आईच्या अंगावरची सूज पोटापर्यंत आली तेव्हा वडिलांनी तिला पुण्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. एसटीपर्यंत तिला डोलीत घालून आणावं लागलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, किती दिवसांपासून त्रास आहे. आई म्हणाली, “आवनीपास्नं.” डॉक्टर म्हणाले, “आजी, हे वर्षा-दोन वर्षांचं दिसतंय.” ती तेव्हा फार तर छत्तीस वर्षांची असेल. त्यांनी वडिलांना सांगितलं की हृदयाची एक झडप खराब आहे, लहानपणीच्या तापानं अशी होते, आणि या बाईनं गेलं वर्षभर वाकून काम करायलाच नको होतं. आम्ही आणलं तेव्हा फार उशीर झाला होता. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. ‘वाकून काम’ हे शब्द माझ्या डोक्यात घुमत राहिले.

दवाखान्यात तिच्याजवळ दिवसा मी बसायचे. पाठीशी उशा लावून तिला बसतं ठेवलेलं होतं. तिच्या हातांना चैन नव्हती. तिनं घरून तो खण आणायला लावला होता आणि त्याचं माझ्यासाठी पोलकं शिवायला घेतलं होतं, हातानं, दोन टाके घालून थांबायचं, परत दोन टाके. खणावर चिखलाचा फिकट डाग राहिलाच होता, तो तिनं बरोबर काखेत घेतला, दिसू नये म्हणून. पोलकं ढगळ बेतलं होतं. म्हणाली, “दोन वर्सं जाईल.”

किती दिवस मी मनात एक प्रश्न धरून बसले होते. मला एकच उत्तर हवं होतं. शेवटी विचारलं.

“आये, तू मुद्दाम हरलीस ना?”

तिनं सुई थांबवली. तिला खरंच नवल वाटलं. “मुद्दाम? म्या?”

“मी जिंकावं म्हणून.”

“न्हाई गं,” ती म्हणाली. “म्या लई जोर लावला. छाती फुटंल आसं झालं, पर हात सोडला न्हाई म्या. तूच फुडं गेलीस.” ती हसली आणि हसल्यानं तिला धाप लागली. धाप बसल्यावर म्हणाली, “तुला खोटं जिकू द्याला तू काय पावनी हायेस?”

मी उठून खिडकीशी गेले. ती तेव्हा खोटं बोलली असती तर किती बरं झालं असतं. आईनं मुलीसाठी हार पत्करली, असं सांगत मी जन्मभर मिरवलं असतं, समारंभालाही गेले असते. पण तिनं माझ्याशी बरोबरीच्या बाईसारखं वागून मला खरं काय ते सांगितलं. ती जीव तोडून लढली होती आणि मी तिला हरवलं होतं. तिची छाती फुटत होती तेव्हा मी हातभर अंतरावर होते, आणि मला तो आवाज गोड लागला होता.

“वर्गात बी आशीच जा,” ती मागून म्हणाली. “मला कोंडलंस, आता बाकीच्यांचं काय घेऊन बसलीस?”

ती भाद्रपदात गेली. तिला गावी आणलं. आमच्या लोकांनी तिला नदीकाठी नेलं तेव्हा गावातल्या आवणीच्या बाया आल्या होत्या. जरा लांब उभ्या होत्या, पण आल्या होत्या. थोरली सूनही होती. ती तोंडाला पदर लावून रडत होती. मला तिचा राग आला आणि बरंही वाटलं, दोन्ही एकाच वेळी.

दिवाळीनंतर भातं पिकली. ज्यांची इर्जिक झाली होती त्यांच्याकडून कापणीचा सांगावा आला. वडील म्हणाले, नको जाऊस. मी गेले. आईनं शिवलेलं पोलकं घालून गेले. ते खांद्यांवरून घसरत होतं.

कापणीलाही पाती धरतात, फक्त यात विळा घेऊन पुढं जायचं असतं. बायांनी मधली जागा माझ्यासाठी रिकामी ठेवली होती. कुणी मला बोलावलं नाही आणि कुणी अडवलंही नाही. काकू माझ्या उजव्या हाताला येऊन उभी राहिली. आम्ही कापायला लागलो. आंबेमोहराचा वास दाटून आला होता, लोंब्या छातीला लागत होत्या.

निम्मं खाचर कापून झालं असेल. मी भाताच्या पुढच्या झुबक्याला हात घातला आणि हात रिकामाच गेला. समोर भात नव्हतं. उभ्या पिकात एक चिंचोळी जागा मोकळी होती, एका बाईच्या अंगाएवढी रुंद आणि चार पावलं लांब. दोन्ही कडांची भाताची ताटं तिच्यावर झुकली होती, तिला झाकायला बघत होती, पण झाकू शकली नव्हती. खाली सुकलेल्या, भेगाळलेल्या मातीत खळगे होते. पावलांचे असतील, नसतीलही. पावसानं चिखल सारखा झाला असणार हे मलाही कळतं. तिच्या पलीकडं आईनं शेवटी लावलेल्या ओळी होत्या. छाती फुटत असताना लावलेल्या, आणि तरी सरळ.

म्हातारीच्या बोलण्यावर माझा विश्वास नाही. आमच्या घरातून असल्या समजुती देवांबरोबरच टोपलीतून गेल्या. झडप खराब होती, डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाट बुजवली असती तरी आई गेलीच असती. हे मी तेव्हाही जाणत होते आणि पुढं शाळेत पोरांना अंधश्रद्धेवर धडे दिले ते मनापासून दिले. पण त्या वाटेसमोर उभं राहिल्यावर माझा विळा खाली पडला. मी तिच्यात पाय ठेवला. मला पुढं जाता येईना आणि मागंही येता येईना.

माझ्या दोन्ही अंगांनी बाया कापत पुढं गेल्या होत्या आणि आता थांबल्या होत्या. काकूही थांबली होती. माझ्या मागं सगळं खाचर कापून मोकळं झालं होतं, डाव्या-उजव्या हाताला मोकळं होतं, कुठूनही चालत निघून जाता आलं असतं. तरी माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, “वाट द्या.”

कुणी हसलं नाही.